तोल जायच्या आधी

चुलतभावाच्या हळदीला मांडवात बसले होते. आईच्या माहेरचे एक काका पानाला चुना लावता लावता माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू डॉक्टर झालीस ना गो? माझा गुडघा बघ जरा."

"काका, मी तसली डॉक्टर नाय. मी गणितातली डॉक्टर."

"मंग दवाखान्यात काय करतेस?"

मी जमेल तसं सांगितलं. एखाद्याचं मन आजारी पडायच्या बेताला आलंय का, हे आधीच आकड्यांवरून ओळखता येतं का, ते मी बघते. काकांनी पान गालात सरकवलं, थोडा वेळ चघळलं आणि म्हणाले, "म्हंजे भगताचंच काम." सगळा मांडव हसला. मीही हसले. काकांना खरं उत्तर द्यायचं तर ताईची सगळी गोष्ट सांगावी लागली असती, आणि हळदीच्या मांडवात ती सांगण्यासारखी नव्हती. आता ताईनेच परवानगी दिली आहे, म्हणून लिहिते. तिची अट एकच होती: "रडकं लिहू नको."

आमचं घर शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पलीकडे. वडील मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या पाइपलाइनवर राखणदार होते, आणि ड्युटी सुटली की भाताच्या शेतात. आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून बरीच मोठी. मला पाढे तिने शिकवले, तेही बांधावर गवत कापताना. एकोणीसचा पाढा चुकला की ती विळा थांबवायची आणि मी बरोबर म्हणेपर्यंत पुढची मूठ कापायची नाही. घरी जायला उशीर झाला की बोलणी दोघींना बसायची. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं आणि लग्न झालं. सासर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. दाजी मुरबाडला कंपनीत पाळीवर जातात. माणूस अबोल, पण सरळ. सासूबाई मात्र बोलायला तिखट. मी त्यांना मावशी म्हणते.

मुलगी झाल्यावर ताईचा आजार पहिल्यांदा दिसला. ती झोपेना. पहाटेच उठून अंगण सारवायची, दिवसभर गाणी म्हणायची, आल्यागेल्याला हाताला लागेल ते देऊन टाकायची. बाळंतीण आनंदात आहे, असंच सगळ्यांना वाटलं. मग एका सकाळी ती अनवाणीच मुरबाडच्या रस्त्याला लागली. तिथे तिला शाळा बांधायची होती आणि लोक तिची वाट बघत होते, असं तिचं म्हणणं. दाजींनी तिला अर्ध्या वाटेवरून आणलं. पुढचे काही महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भगत झाला, अंगारे झाले, आणि शेवटी ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: बायपोलर. मन एकदा फार वर जातं, एकदा फार खाली. गोळ्या सुरू झाल्या. ती बरी झाली. मग एक-दोन वर्षांनी पुन्हा तेच. त्यानंतर आणखी एकदा.

दर वेळी घरातले एकच वाक्य बोलायचे. काल चांगली होती, आज एकदम झालं. आई हेच म्हणायची, दाजी हेच म्हणायचे, मावशी तर छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "एकदम गो, एकदम!" हा 'एकदम' माझ्या डोक्यात रुतून बसला होता.

मी तोवर शहापूरचं कॉलेज संपवून गणितात पुढे शिकत होते. एमएस्सी झाल्यावर पुण्याला संशोधनाला गेले. विषय होता गुंतागुंतीच्या व्यवस्थांचं शास्त्र. नाव मोठं आहे, मुद्दा तेवढा अवघड नाही. पक्ष्यांचा थवा घ्या, आठवडा बाजार घ्या, जंगल घ्या, नाहीतर माणसाचा मेंदू घ्या. एकेक भाग सुटा बघितला तर साधा. सगळे एकमेकांत गुंतले की त्यातून असं काही उभं राहतं की ते कुठल्याच एका भागात सापडत नाही. थव्याला मुकादम नसतो, तरी थवा वळतो. तो कसा वळतो, हे शोधणारं हे शास्त्र.

एकदा वर्गात सरांनी एका तळ्याचं उदाहरण दिलं. वर्षानुवर्षं नितळ असलेलं तळं बघता बघता हिरवंगार गढूळ होतं आणि मग परत नितळ व्हायचं नाव घेत नाही. बघणारा म्हणतो, एकदम झालं. सर म्हणाले, एकदम झालेलं नसतं. त्याआधी कितीतरी दिवस तळं सावरायला जास्त वेळ घ्यायला लागलेलं असतं. थोडी घाण पडली तर पूर्वी चार दिवसांत निवळायचं, आता आठ दिवस लागतात, मग पंधरा. बाहेरून तळं तसंच दिसतं, पण त्याचं सावरणं मंदावलेलं असतं. ते मोजता आलं तर कडेलोटाची चाहूल आधी लागू शकते.

त्या दिवशी पुढचं काही मी ऐकलं नाही. मला ताई आठवत होती. अनवाणी निघायच्या आधीच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले होते, आणि शेजारणीने सहज काढलेल्या एका शब्दावर ती तीन दिवस बोलत होती. एरवी ताईचा राग ताकावरच्या फेसासारखा, बसला की बसला. त्या वेळी तो बसतच नव्हता. आम्ही ते पाहिलं होतं, पण ते काही सांगतंय हे कुणालाच माहीत नव्हतं.

मनाच्या आजारांबद्दल हाच प्रश्न जगात आणखीही लोक विचारायला लागलेत, हे मला लायब्ररीत कळलं. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. पण तळ्यात काठी बुडवता येते. माणसाच्या मनात काय बुडवणार?"

त्याचं उत्तर शहापुरातच मिळालं. तिथल्या एका दवाखान्यात मनाच्या आजारांच्या डॉक्टर दर आठवड्याला येतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक, कपाळावर चष्मा चढवलेला. मी लॅपटॉप घेऊन गेले आणि दोन पेशंटांच्या मधल्या वेळात तुकड्यातुकड्याने त्यांना सगळं सांगितलं. तळं सांगितलं, आलेख दाखवले. शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी डबा उघडला आणि माझ्यापुढे एक चपाती सरकवली.

"तुझं गणित मला अर्धं कळलं," बाई म्हणाल्या. "एक मात्र पक्कं कळतं. माझे पेशंट मला आजारी झाल्यावर भेटतात, आधी कधीच भेटत नाहीत. तू आधी भेटवशील?"

"खात्री नाही देता येत. करून बघता येईल."

"खात्री देते म्हणाली असतीस तर हाकलली असती. बस, जेव."

परवानग्यांत बरेच महिने गेले. बाईंनी आणि माझ्या संस्थेने मिळून सगळं रीतसर केलं. शेवटी कामाचा आराखडा ठरला तो असा. तयार असलेल्या पेशंटांनी मनगटावर एक पट्टा बांधायचा. पट्टा झोप आणि हालचाल टिपणार. शिवाय रोज मोबाइलवर चार प्रश्न येणार, त्यांची उत्तरं बोटाने द्यायची. या सगळ्यातून मी प्रत्येकाचं मन हेलकाव्यानंतर किती लवकर जागेवर येतं ते काढणार. गणिताच्या भाषेत याला लांबलचक नाव आहे. मी बाईंना सांगितलं ते असं: तब्येत ठीक असते तेव्हा काल कालच संपतो, आणि तोल जायची वेळ जवळ येते तसा काल आजमध्ये उरायला लागतो. ते उरणं मला मोजायचंय.

पहिलीच अडचण प्रश्नांची आली. ते बाहेरून आलेले, भाषांतर केलेले होते. "आज आपली मनःस्थिती कितपत उल्हसित आहे?" दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या एका पेशंटने ते वाचलं आणि विचारलं, "हे लग्नाच्या पत्रिकेतलं हाय काय?" मग आम्ही बाकावरच बैठक भरवली. पेशंट, त्यांचे नातेवाईक, बाई आणि मी. तासभर भांडून चार प्रश्न मराठीत आणले. "आज जीव रमला का?" हा त्यातला पहिला. त्या बैठकीत इतके लोक एका वेळी आपल्या मनाबद्दल मोठ्याने बोलत होते की दाराशी उभा असलेला औषधवालाही येऊन बसला.

डोळखांबकडच्या पाड्यांवर वेगळ्याच अडचणी. डोंगराच्या आडोशाला रेंज नाही, भात कापून झालं की माणसं कामाला बाहेर जातात. एका आजोबांनी पट्टा उलटसुलट करून बघितला. "ह्यात टाइम दिसत नाय. मंग घालाचा कशाला?" तरीही लोक तयार झाले. बरेच झाले. बाईंवर त्यांचा विश्वास होता, त्यातला थोडा माझ्या वाट्याला आला.

ताईला यात घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सख्खी बहीण, म्हणजे माझी नजर स्वच्छ राहणार नाही. हे सांगायला मी तिच्या घरी गेले. ती चुलीपाशी कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी मला समजाव, तू मोजतेस काय ते. मग मी ठरवीन."

मी फळीवरून एक खोलगट पातेलं आणि एक परात काढली. पातेल्यात लिंबू टाकलं, बोटाने ढकललं. लिंबू कडेला चढलं आणि लगेच तळाशी आलं. मग तेच लिंबू परातीत ठेवलं आणि ढकललं. ते या कडेला गेलं, त्या कडेला गेलं, रेंगाळत रेंगाळत कुठेतरी थांबलं.

"मन बरं असतं तेव्हा पातेल्यासारखं असतं," मी म्हटलं. "आजार जवळ आला की त्याची परात व्हायला लागते. लिंबू अजून आतच असतं, म्हणून कुणाला काही दिसत नाय. पण धक्का बसला की ते किती वेळ भटकतं, ते मोजलं तर कळेल."

ताईने स्वतः लिंबू ढकललं. एकदा पातेल्यात, एकदा परातीत. मग पुन्हा परातीत, जरा जोरात. लिंबू कडेवरून उडून चुलीच्या राखेत पडलं.

"हे मला माहीत हाय," ती म्हणाली. "हे मला आतून माहीत हाय गो. फक्त असं कोणी दाखवलं नव्हतं." राखेतलं लिंबू पुसत तिने विचारलं, "दुसऱ्यांच्या बहिणी चालतात, आणि तुझी नाय चालत?"

मी तो प्रश्न बाईंकडे नेला. बाईंनी तोड काढली. ताईची नोंद त्यांच्या एका सहकाऱ्याने केली. माझ्याकडे सगळे पेशंट फक्त क्रमांक म्हणून येणार, कुणाचा क्रमांक कुठला ते मला कळणार नाही. इशारा दिसला तर मी क्रमांक बाईंना कळवायचा, पुढचं सगळं त्यांनी करायचं. मी घरी याबद्दल विचारायचं नाही. ताईनेही मला सांगायचं नाही. तिने ते शब्दशः पाळलं. कधी आई फोनवर "झोप लागते का गो?" असं ताईला विचारायला लागली, तर ताई म्हणायची, "ते बाईंना सांगितलंय, तू भाजी काय केलीस ते बोल."

पहिला इशारा आला तो फसवा निघाला. एका क्रमांकाची झोप तुटली होती, चिडचिड दिवसेंदिवस रेंगाळत होती, आलेख अगदी पुस्तकातल्यासारखा. मी हरखले होते. बाईंनी त्या माणसाला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "बाई, शेतात डुकरं घुसतात. रात्रभर माचावर बसून डबे वाजवतो. चिडू नको तर काय करू?" बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा कपाळावरून नाकावर आला. मी मात्र तोंड पाडून बसले.

"अगं, चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "मेंदू कवटीत एकटा राहत नाही, हे तुझंच शास्त्र सांगतं ना? त्याच्यात डुकरंही आली."

खरं होतं ते. थव्याचं आणि जंगलाचं शिकून आलेली मी, आणि माणसाला मात्र त्याच्या शेतापासून तोडून मोजत होते. मग आम्ही गणितात लावणी, झोडणी, राखण, कंपनीतल्या पाळ्या, घरातलं लग्न आणि मर्तिक असं सगळं घेतलं. इशारा आला की आधी फोन, मग निष्कर्ष, असा नियम झाला. काम सावकाश चाललं, पण भरवशाचं झालं.

दिवाळी होऊन गेली. भात कापून खळ्यावर आलं होतं, तालुकाभर झोडणीची घाई. मी पुण्यात होते. त्या आठवड्यात एका क्रमांकाचा आलेख बघताना माझा हात थांबला. झोप फार कमी झालेली नव्हती. "आज जीव रमला का?" ला उत्तर रोज 'हो' होतं. नुसतं पाहणाऱ्याला सगळं छान वाटलं असतं. पण प्रत्येक दिवस आधीच्या दिवसाला चिकटत चालला होता. मन हललं की लवकर जागेवर येत नव्हतं, आणि हे सावरणं आठवड्या-आठवड्याने लांबत होतं. मी झोडणी धरून, सण धरून पुन्हा गणित केलं. इशारा तसाच राहिला. मी बाईंना क्रमांक कळवला.

ती ताई असेल का? हा विचार आला नाही असं कसं म्हणू? प्रत्येक क्रमांकाच्या वेळी येतच असे. मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. नियम मी मान्य केला होता, आणि तो तिनेही पाळला होता.

दुसऱ्या दिवशी ताईचाच फोन आला.

"नियम मोडते आता," ती म्हणाली. "बाईंचा फोन आलता. त्यांनी इचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, मस्त चाललंय, इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आणि बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं."

"काय?"

"सोमवारी दूध उतू गेलं होतं. बाईंचा फोन आला तवा चार दिवस झालते, आणि ते दूध अजून माझ्या डोक्यात उतू जातच होतं. त्या दुधावरून मी डेअरी काढाचं ठरवलं होतं. कागदावर गोठ्याचं चित्रपण काढलं." मग म्हणाली, "लिंबू परातीत हाय गो. पण अजून परातीतच हाय. राखेत नाय पडलं."

मी फोन कानाला धरूनच बॅग भरायला घेतली. तीच पुढे म्हणाली, "मी उद्या शहापूरला जाते. तू ये, पण दवाखान्यात नको, घरी ये."

मी पोहोचले तेव्हा घरात वादळ होईल असं धरून चालले होते. ऐन झोडणीत सून दवाखान्यात जाते म्हणजे काय! खरंच, सुरुवातीला मावशी म्हणाल्या होत्या, "चांगली हसतेखेलतेस, तुला काय धाड भरलीय?" दाजींनी मला नंतर सांगितलं, त्यावर ताई खळ्यावर उभी राहून सासूबाईंना शांतपणे म्हणाली, "आत्या, मागल्या वेळी मी अशीच हसत होती. भात चार दिवस थांबल. मी नाय थांबणार." मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. आजवर ताईला धरून, ओढून, समजावून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ती स्वतः पिशवी घेऊन उभी आहे, हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी पदर खोचला, शेजारच्या दोन घरांत जाऊन माणसं मागून आणली आणि स्वतः पेंढी हातात घेऊन झोडायला उभ्या राहिल्या. दाजींनी पाळी बदलून घेतली आणि मोटरसायकलवरून तिला किन्हवलीमार्गे शहापूरला नेलं.

बाईंनी गोळ्यांत बदल केला. झोपेला सगळ्यात जास्त जपायला सांगितलं. मोबाइल लांब, चहा कमी, अंधार पडला की घर शांत. मी तो आठवडा तिच्याकडे राहिले. सोपा नव्हता. दुसऱ्या दिवशी तिचं बोलणं थांबेना, डोळ्यांत ती जुनी चमक दिसली आणि मला वाटलं, हातातून गेलं. ताईलाही ते कळत होतं. ती मध्येच बोलणं तोडून म्हणायची, "आता मी गप बसते," आणि खरोखर तोंडाला पदर लावून बसायची. घामाघूम व्हायची. वाहत्या पाण्यात पाय रोवून उभं राहावं तशी ती उभी होती. गोळ्यांनी मदत केली, मावशींनी केली, मी केली. पण उभी ती होती.

आठवड्याच्या शेवटी ती दुपारी झोपली आणि दिवेलागणीला उठली. उठून तिने केस विंचरले, गोठ्याचं चित्र हातात घेतलं, बघितलं आणि म्हणाली, "गोठा बरा काढलाय, पण गुरं आत कशी जातील? दरवाजाच नाय." आम्ही दोघी हसलो. मावशी ओसरीवरून ओरडल्या, "हसता काय, भात भराला या!" नंतरच्या दिवशी ताई खळ्यावर होती. या वेळी हॉस्पिटल नाही, भिंतीकडे तोंड नाही.

मी पुण्याला आले आणि आलेख उघडला. त्या क्रमांकाची रेघ हळूहळू खाली येत होती. दिवस पुन्हा एकमेकांपासून सुटे व्हायला लागले होते. संशोधन करताना असे आलेख मी शेकड्यांनी पाहिले असतील. हा एकच असा, की तो बघून मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरचा मुलगा दचकला.

काम पुरं झालं तेव्हा बाईंनी शहापुरात सगळ्या पेशंटांची सभा घेतली. ज्यांच्या मनाचे आकडे आम्ही घेतले त्यांना ते आधी कळले पाहिजेत, मग बाहेरच्या जगाला, हा त्यांचा आग्रह. हॉल भरला. मी मराठीतून सांगितलं: काही जणांत इशारा आधी दिसला, काहींत दिसला नाही, काहींत उगाच दिसला. हे साधन अजून कच्चं आहे. मग बाईंनी विचारलं, कुणाला बोलायचंय का?

ताई उठली. तिने हे मला आधी सांगितलं नव्हतं. पोपटी साडी, डोक्यावर पदर, माईक जरा लांब धरलेला.

"मी वेडी हाय असं माझ्या गावात म्हणतात," ती म्हणाली. "म्हणू द्या. माझा आजार एकदम येतो असं मलापण वाटत होतं. एकदम येणाऱ्या गोष्टीपुढं माणूस काय करणार? हात जोडणार. पण तो एकदम येत नाय. चालत येतो. चालत येतो म्हणजे मला दार लावाला टाइम हाय. मला एवढंच पायजे होतं." तिने माझ्याकडे बोट केलं. "ही माझी बहीण. हिचे पाढे मी घेतलेत."

टाळ्या पडल्या तेव्हा मी पडद्याच्या वायरी आवरायचं निमित्त करून खाली वाकले. मागच्या ओळीत मावशी बसल्या होत्या. त्या शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून मोठ्याने सांगत होत्या, "सून माझी."

घरी जाताना बाईंनी मला एक गोष्ट बजावली. "तुझ्या ताईचं उदाहरण सुंदर आहे, पण एक उदाहरण म्हणजे पुरावा नाही. आपण फोन केला नसता तरी कदाचित ते आपसूक ओसरलं असतं. आपल्याला माहीत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणजे, माहीत नाही हे माहीत आहे."

आमचा शोधनिबंध छापून आला तेव्हाही हे सगळं त्यात लिहिलं. इशारा किती वेळा चुकला तेही लिहिलं. तरी मला त्या कामाचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. मोठमोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत विचारला जाणारा प्रश्न आम्ही शहापूर-मुरबाडच्या खळ्यांवर, माचावर, पाड्यावर विचारला, आणि उत्तर द्यायला इथलीच माणसं बसली. पुण्यातल्या परिषदेत मी तो आलेख दाखवला. ताईच्या संमतीने, क्रमांकासह, नावाशिवाय. ताई पाचव्या रांगेत दाजींच्या शेजारी बसली होती. आलेख पडद्यावर आला तेव्हा तिने दाजींच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दाजी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने हसले. काय सांगितलंस, असं मी नंतर विचारलं. "म्हटलं, बघा, तो उंचवटा म्हंजे दूध."

आता कामाचा दुसरा टप्पा सुरू आहे. पाड्यांवर जाऊन लोकांशी बोलायला बाईंनी जी माणसं नेमली त्यांत ताई आहे. त्यासाठी मुलाखत झाली, मी त्या खोलीत नव्हते. गेल्या महिन्यात आम्ही डोळखांबच्या वरच्या अंगाला एका घरी गेलो. तिथली सून बाळंतपणानंतर आजारी पडली होती, आता बरी होती, पण पट्टा बांधायला तयार नव्हती. मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताई तिच्या शेजारी भुईवर बसली आणि बाळाला मांडीवर घेतलं. बराच वेळ बाळाबद्दलच बोलली. मग बांगड्या मागे सारून स्वतःचा पट्टा दाखवला.

"लोक इचारतील," ती सून म्हणाली.

"मला इचारतात. मी सांगते, मन मोजाचा पट्टा हाय. मग ते म्हणतात, आमचं पण मोज."

सून हसली, पण पट्टा हातात धरून बसली. बांधला नाही. "बघते," म्हणाली. ताईने घाई केली नाही. उठताना म्हणाली, "बघ. मी पुढल्या आठवड्यात येणारच हाय."

उतरणीला लागल्यावर मी म्हटलं, "बांधेल असं वाटतं का?"

"बांधल. पण तुमचा पट्टा काळा हाय," ताई म्हणाली. "लेकुरवाळीच्या हातात, हिरव्या चुड्याच्या मधी काळं कोण घालील? एवढं शिकलेली माणसं तुमी, रंग इचारला नाय काय कोणाला? बाईंना सांग, हिरवे आणा."

मी त्याच दिवशी बाईंना कळवलं. नवीन खोकं आलं त्यात हिरवे पट्टे होते. त्यातला पहिला ताईने स्वतःसाठी काढून घेतला आणि दुसरा पिशवीत टाकून डोळखांबची गाडी पकडली.